आवाज आणि गिळणं वाचवणारे कर्करोग उपचार: आयुष्मान कार्डावर इंदूरमध्ये अर्ज कसा करावा

घशाच्या कर्करोगाचं निदान झालं की इंदूरच्या मराठी घरातून पहिला फोन पुण्या-मुंबईला जातो, आणि तिकडून सल्ला येतो, ‘महात्मा फुले योजनेत बसवून टाका.’ ती योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांची. तुमच्याकडे मध्य प्रदेशची समग्र आयडी (राज्याच्या कुटुंब-नोंदणीचा क्रमांक) असेल तर त्या योजनेचा उपयोग नाही. आपल्याकडे चालते ती आयुष्मान भारत, जिला आपल्या राज्यात ‘निरामयम्’ असं नाव जोडलेलं आहे. २३ सप्टेंबर २०१८ला सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोकड न भरता मिळतात, आणि आधीपासून असलेला आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो.

कार्ड कसं काढायचं ते खाली आहेच, पण क्रम उलटा होऊ देऊ नका. बहुतेक घरांत आधी कार्ड, मग कार्ड चालणारं सगळ्यात जवळचं रुग्णालय, आणि मग त्या रुग्णालयात जे होतं तो उपचार, असं होतं. डोक्या-मानेच्या कर्करोगात हा क्रम महागात पडतो. इथे दोन वेगवेगळ्या उपचारांनी आयुष्य सारखंच वाढू शकतं, पण एकानंतर माणूस स्वतःच्या आवाजात बोलतो आणि दुसऱ्यानंतर गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेतो. उपचार कोणता, हे आधी ठरायला हवं. मंजुरीचा अर्ज त्यानंतर.

उपचार ठरवताना

स्वरयंत्राचा कर्करोग वाढलेला असेल तर एके काळी स्वरयंत्र काढून टाकणं हाच मार्ग होता. १९९१ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३३२ रुग्णांपैकी एका गटाचं स्वरयंत्र काढून नंतर रेडिएशन दिलं, दुसऱ्याला आधी केमो आणि मग रेडिएशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांत जिवंत राहिलेले ६८ टक्केच होते, मात्र दुसऱ्या गटातल्या ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र शाबूत होतं. पुढे २००३च्या मोठ्या अभ्यासात केमो आणि रेडिएशन एकाच वेळी दिल्यावर दोन वर्षांनी ८८ टक्के रुग्णांचं स्वरयंत्र टिकलं. आधी केमो आणि मग रेडिएशन दिलेल्यांत हे प्रमाण ७५ टक्के होतं, नुसत्या रेडिएशनवर ७०. ‘केमो-रेडिएशन एकत्र’ हे जे डॉक्टर सांगतात, त्यामागे हे आकडे आहेत.

सगळ्यांना हे लागू होत नाही, आणि इथे आग्रह धरून चालत नाही. गाठ स्वरयंत्राची कूर्चा फोडून बाहेर गेली असेल, किंवा आधीच पाणी पिताना ठसका लागून ते श्वासनलिकेत उतरत असेल, तर अवयव जागेवर ठेवून फायदा फारसा नसतो. तो काम करत नाही आणि न्यूमोनियाचा धोका राहतो. अशा वेळी शस्त्रक्रियाच बरी. नंतर श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छोटा व्हॉल्व्ह बसवून बोलता येतं.

आपल्या भागात गुटख्याने दिलेले रोग मात्र गालाचे, हिरडीचे, जिभेचे. (मध्य प्रदेशाने २०१२ साली देशात सगळ्यांच्या आधी गुटख्यावर बंदी घातली. पानाच्या टपरीवर ती किती पोचली, हे आपण रोज पाहतोच.) या जागांवर पहिला उपचार सहसा शस्त्रक्रिया. इथे काम टिकवणं म्हणजे जबड्याच्या हाडाचा आरपार तुकडा न काढता फक्त वरची कड काढता येते का, आणि आरपार तुकडा काढावा लागला तर पायाच्या फिब्युला हाडाने जबडा पुन्हा उभा करणारा प्लास्टिक सर्जन त्याच टेबलावर आहे का, हे पाहणं. दुसरी गोष्ट मानेच्या गाठींची. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २०१५च्या अभ्यासात, तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मान वरून साफ वाटत असतानाही तिथल्या गाठी पहिल्याच वेळी काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. वाट पाहून नंतर काढलेल्यांत ६७.५ टक्के. म्हणून अर्जात मुख्य शस्त्रक्रियेबरोबर मानेच्या शस्त्रक्रियेचं आणि पुनर्रचनेचं पॅकेज (योजनेने दर ठरवून दिलेला उपचार) नोंदलंय का, हे स्वतः विचारून घ्या.

रेडिएशन होणार असेल तर यंत्राची चौकशी करा. लाळेच्या ग्रंथी वाचवत किरण देणारी आयएमआरटी पद्धत लिनॅक यंत्रावर होते. २०११च्या एका ब्रिटिश अभ्यासात जुन्या पद्धतीनंतर वर्षभराने ७४ टक्के लोकांचं तोंड त्रासदायक कोरडं राहिलं, आयएमआरटीनंतर ३८ टक्के लोकांचं. कोरड्या तोंडाने पोळीचा घास गिळता येत नाही, दात किडतात, झोप मोडते. रुग्णालय त्याच कार्डावर आयएमआरटीचं पॅकेज लावतं की साधं, हे पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न आहे.

हे सगळं ज्या कागदावर येतं तो ट्यूमर बोर्डाचा निर्णय: सर्जन, रेडिएशनचे आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून लिहिलेली उपचारांची योजना. त्याची प्रत मागा. मंजुरीच्या फाइलमध्ये याच कागदाला सगळ्यात जास्त वजन आहे, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं ठरलं तर तोच पुढे करता येतो.

पात्र कोण

मध्य प्रदेशात चार मुख्य वाटा आहेत. २०११च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीत कुटुंबाचं नाव असणं, रेशनची पात्रता पर्ची असणं, संबल (असंघटित कामगारांसाठीची राज्याची योजना) कार्ड असणं, किंवा वय ७० पूर्ण असणं. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांचाही समावेश झाला आहे.

लोकमान्य नगर किंवा रामबागेतल्या निवृत्त शिक्षकांच्या आणि बँकेतल्या लोकांच्या घरांत पहिल्या तीन वाटा बहुधा बंद असतात. त्यांच्यासाठी चौथी. २९ ऑक्टोबर २०२४पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला उत्पन्न न पाहता ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळतं. वय आधारवरून धरतात, दुसरा दाखला लागत नाही. नवरा-बायको दोघंही ७०च्या वर असतील तर ५ लाख दोघांत मिळून. कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी वेगळे ५ लाख वर मिळतात. खाजगी मेडिक्लेम असला तरी कार्ड काढता येतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. घशाच्या उपचारांसाठी निवडताना आपलं ठरलेलं रुग्णालय कोणत्या योजनेच्या पॅनेलवर (मान्य रुग्णालयांच्या यादीत) आहे ते आधी पाहा, मग सही करा.

वय वंदना कार्डवाल्यांसाठी एक खुलासा. सत्तरीनंतर डॉक्टर बऱ्याचदा फक्त रेडिएशन सुचवतात, आणि घरचे म्हणतात, ‘सरकारी कार्ड आहे म्हणून केमो टाळली.’ तसं नसतं. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर रेडिएशनबरोबरच्या केमोचा फायदा वयाबरोबर कमी होत जातो आणि सत्तरीपुढे दिसेनासा होतो, असं आढळलं आहे. कमी वयाच्या पण मूत्रपिंड किंवा कान कमजोर असल्याने सिस्प्लॅटिन हे केमोचं नेहमीचं औषध न झेपणाऱ्यांसाठी डोसीटॅक्सेलचा पर्याय आहे. टाटा मेमोरियलच्या २०२३च्या अभ्यासात तो रेडिएशनला जोडल्यावर दोन वर्षांनी जिवंत राहणारे ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर गेले.

कार्ड काढताना

बेनिफिशरी डॉट एनएचए डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर किंवा आयुष्मान ॲपवर आधार नंबर टाकून नाव शोधा, ई-केवायसी करा, कार्ड उतरवून घ्या. ओटीपी येत नसेल तर बोटाचे ठसे किंवा चेहरा चालतो. फोन झेपत नसेल तर कियोस्कवर किंवा पॅनेलवरच्या रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राकडे (योजनेचं काम पाहणाऱ्या मदतनीसाकडे) जा. कार्ड फुकट आहे.

लागतं फारसं काही नाही: आधार, त्याला जोडलेला मोबाइल, समग्र आयडी, आणि पात्रता पर्ची किंवा संबल कार्ड असल्यास ते. अडकतं ते नावावर. आपल्या बायकांची आधारवर लग्नानंतरची तीन पदी नावं असतात, समग्रमध्ये दोन पदी, आणि कुणाच्या रेकॉर्डवर अजून माहेरचं आडनाव. काळे, गोळे, साळवी ही मंडळी हिंदी नोंदीत ‘काले’, ‘गोले’, ‘सालवी’ होऊन बसलेली असतात. नाव आणि जन्मतारीख जुळली नाही की ई-केवायसी पडताळणीत अडकतं. समग्रमधली दुरुस्ती नगर निगमाच्या झोन कार्यालयातून होते. बायोप्सीचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतातच, त्या दिवसांत हे उरकून घ्या.

रुग्णालयातली मंजुरी

रुग्णालय पॅनेलवर आहे एवढं पुरत नाही. ते सर्जिकल, मेडिकल आणि रेडिएशन ऑन्कोलॉजी यांपैकी कशासाठी पॅनेलवर आहे ते पाहायचं. एम.वाय. (महाराजा यशवंतराव) रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय कर्करोग रुग्णालय असो की खाजगी, १४५५५ वर फोन करून किंवा आयुष्मान मित्राला विचारून हे कळतं. शस्त्रक्रिया एकीकडे आणि रेडिएशन दुसरीकडे होणार असेल तर दोन्हीकडे स्वतंत्र मंजुरी लागते. शस्त्रक्रियेनंतरचं रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असं मानतात, म्हणून दुसरीकडची तारीख शस्त्रक्रियेआधीच घेऊन ठेवावी.

फाइलमध्ये आयुष्मान कार्ड आणि आधार, बायोप्सीचा रिपोर्ट, सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट आणि फिल्म, दुर्बिणीच्या तपासणीची नोंद, रोगाची स्टेज लिहिलेला कागद, ट्यूमर बोर्डाचा निर्णय आणि रुग्णाचा फोटो ठेवा. केमो असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) आणि कानाची तपासणीही. अर्ज रुग्णालयच ऑनलाइन भरतं, तुमच्या हातात असतात ते कागद. ‘क्वेरी आली’ म्हटलं की घाबरू नका, बहुतेक वेळा एखादा रिपोर्ट अपलोड व्हायचा राहिलेला असतो. नामंजूर झालं तर कारण लेखी मागा.

रेडिएशनचा पूर्ण कोर्स सहसा ३५ दिवसांचा, आठवड्यातले पाच दिवस धरून सात आठवडे. रोज जाऊन येऊन होत असला तरी योजनेत बसतो. मधे खंड पडला की उपचारांचा जोर कमी होतो, आणि अर्ध्यात दुसरीकडे जायचं म्हणजे आखणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कार्डावर वर्षाची किती रक्कम शिल्लक आहे ते सुरुवातीलाच आयुष्मान मित्राकडून पाहून घ्या, विशेषतः त्याच वर्षी घरात दुसऱ्या कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर.

दातांचं काम रेडिएशनच्या आधी. काढण्यासारखे दात आधी काढून जखम भरायला साधारण दोन आठवडे द्यावे लागतात, कारण रेडिएशन झालेल्या जबड्यात दात काढणं धोक्याचं. एम.वाय.जवळच शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे ही तपासणी होऊ शकते.

भरती होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि सुट्टी मिळाल्यानंतरचे १५ दिवस यांतली औषधं-तपासण्या योजनेत येतात. एरवीची ओपीडी येत नाही. गिळण्याचे व्यायाम शिकवणारे स्पीच थेरपिस्ट, महिनोन्‌महिने लागणारं नळीतलं पातळ अन्न, बोलण्याचा व्हॉल्व्ह दर काही महिन्यांनी बदलणं, यांचा हिशोब वेगळा ठेवा. माझ्या मते गिळण्याच्या व्यायामावर खर्च करायला मागेपुढे पाहू नये. व्यायाम रेडिएशनच्या आधीपासून सुरू केले तर फायदा जास्त. अवयव राहिला आणि गिळणंच गेलं, तर वाचवलं काय?

कार्डाबाहेरची मदत, आणि मुंबई

कार्ड नसेल किंवा ५ लाख संपले असतील तर पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीकडे अर्ज करता येतो. विहित फॉर्म, दोन फोटो, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, आणि रोग व अंदाजे खर्च लिहिलेलं रुग्णालयाचं मूळ प्रमाणपत्र लागतं. पैसे रुग्णालयाकडे जातात, म्हणून बिल भरून झाल्यावर अर्ज करू नका. राज्यात मुख्यमंत्री स्वेच्छानुदानासाठी आमदार, खासदार किंवा कलेक्टर कार्यालयामार्फत खर्चाच्या अंदाजपत्रकासह जाता येतं.

टाटाला जायचं ठरलं तर आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही पॅनेलवरच्या रुग्णालयात चालतं, तिथल्या मदत केंद्रावर आधी विचारा. सोबत नुसते रिपोर्ट नेऊ नका, बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) न्या. ते पुन्हा तपासतात. रेल्वेची सवलत घ्या. रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दिलेल्या प्रमाणपत्रावर कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत मूळ भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. हे तिकीट खिडकीवरच मिळतं, त्यामुळे अवंतिका एक्सप्रेसचं आरक्षण मोबाइलवरून करायला जाऊ नका.

पॅनेलवरच्या रुग्णालयाने मंजूर पॅकेजसाठी पैसे मागितले तर पावती मागा आणि १४५५५ वर तक्रार नोंदवा. राज्याची सीएम हेल्पलाइन १८१ आहे. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

रेडिएशन संपल्यावर ‘ट्रीटमेंट समरी’ घेतल्याशिवाय निघू नका. किती मात्रा, कुठे, किती दिवसांत दिली ते त्यात असतं. रोग गेला की नाही हे पाहणारा पेट-सीटी सहसा १२ आठवड्यांनी करतात. त्यात काही शिल्लक दिसलं तर स्वरयंत्र किंवा मानेच्या गाठी काढण्याची शस्त्रक्रिया अजूनही करता येते. तिच्यासाठी नवी मंजुरी लागते, आणि समरी नव्या फाइलला जोडावी लागते.