कँडिडा डाएट सांगितलंय? पांढरा रस्सा सोडू नका

नमस्कार. आमच्या मसाल्याच्या दुकानात हल्ली कुणी ना कुणी येऊन विचारतंच, "वहिनी, कँडिडाचं डाएट सांगितलंय, आता खायचं तरी काय?" आणि तोंड असं उतरलेलं असतं की जणू पुढचे सगळे दिवस उकडलेल्या दुधीवर काढायचेत. तसं अजिबात नाही. म्हणून हा कागद छापलाय, मसाल्याच्या पाकिटाबरोबर घरी न्या, फ्रीजवर लावा.

कँडिडा ही यीस्टच्या जातीची बुरशी. बऱ्याच जणांच्या तोंडात, आतड्यात ती असतेच, एरवी त्रास देत नाही. पण अँटिबायोटिकचा कोर्स झाला, रक्तातली शुगर चढीच राहिली, दम्याचा स्टेरॉइडवाला पंप घेऊन चूळ भरली नाही, कवळी रात्री तशीच तोंडात राहिली की ती माजते. साखर, मैदा, पाव, दारू बंद करायचं हे डाएट 1980 च्या दशकात अमेरिकेत गाजलं. नुसत्या डाएटनं कँडिडा बरा होतो याचा भक्कम पुरावा नाही, हे आधीच सांगून ठेवतो, औषध डॉक्टरांचंच घ्यायचं. आम्ही फक्त जेवणाचं बघतो.

आमच्या सासूबाईंना पंपामुळेच तोंडात पांढरे चट्टे आले होते. तांबडा रस्सा जिभेला लागला की डोळ्यात पाणी, दोन दिवस नुसत्या ताकावर होत्या, तेव्हा पांढऱ्या रश्श्यानं तारलं. वाटी दोन्ही हातात धरून हळूहळू प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता जरा जेवल्यासारखं वाटलं बघ."

तर तो रस्सा असा. अर्धा किलो मटण, हाडं जास्त असलेलं घ्या, आलं-लसूण आणि मीठ लावून एक लिटर पाण्यात कुकरला शिजवा, त्यातली अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, गाळून घ्या. दोन चमचे तीळ आणि एक चमचा खसखस जरा भिजवून, मूठभर ओल्या खोबऱ्याबरोबर अगदी गंधासारखं वाटा. काजू घालत नाही, या डाएटवाले बहुतेक काजू टाळायला सांगतात आणि खरं सांगायचं तर तिळानं दाटपणा येतोच. चमचाभर तुपात लवंग, दालचिनी, वेलची, तमालपत्र टाका, वास सुटला की वाटण, मग अळणी. उकळी आली की गॅस बारीक करून वाटीभर नारळाचं दूध आणि पांढऱ्या मिरीची पूड. इथं घाई करू नका, नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळलं की रस्सा फुटतो, नुसती कडेला वाफ दिसली की बंद. दूध घरीच काढा, डब्यातलं घेतलं तर साखर आहे का ते वाचून घ्या. शाकाहारी असाल तर फ्लॉवर आणि दुधी शिजवलेलं पाणी वापरा, मटणाची सर येत नाही पण पोट शांत होतं. तोंड आलेलं असेल तर मिरी कमी.

बरोबर ज्वारीची गरम भाकरी. काही जण पहिले दोन आठवडे धान्यही बंद ठेवतात, तसं सांगितलं असेल तर नुसता रस्सा प्या.

सगळ्यात जास्त विचारतात ते, "गूळ तरी चालतोय न्हवं?" नाही चालत. आपल्या कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, आम्हालाही त्याचा अभिमान आहे, पण गुळात बहुतेक साखरच असते, मधाचंही तेच. गोडाची आठवण आली की दोन चमचे नाचणीचं पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर गुठळ्या होऊ न देता शिजवा, उतरवताना नारळाचं दूध, वेलची, किसलेलं जायफळ आणि चिमूटभर मीठ. सुरवातीला फिकं लागेल, चार-पाच दिवसांनी जिभेला त्यातला नारळाचा गोडवा कळायला लागतो.

मिसळ पण होते, पाव आणि फरसाण सोडलं की झालं. मोड आलेली मटकी, कांदा-लसूण मसाल्याचा कट, वरून भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, कच्चा कांदा, भरपूर लिंबू. काही जण कडधान्यही कमी करायला सांगतात, मग वाटी लहान घ्या. आमच्या कांदा-लसूण मसाल्यात साखर किंवा व्हिनेगर नाही. बाहेरचे तयार सॉस, चटण्या घेताना पाकिटामागचं बारीक अक्षर वाचाच.

एक कळकळीची विनंती. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भाकरी-भात एकदम तोडला तर शुगर खाली जाऊ शकते, आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाई, लहान पोरं, वजन आधीच कमी असलेली माणसं यांनी हे डाएट मनानं करू नये. घास गिळताना दुखायला लागलं तर थांबू नका, लगेच दाखवा.

पांढऱ्या रश्श्याचं ताजं वाटण बुधवारी आणि रविवारी सकाळी मिळतं, बिनकाजूचं हवं असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगून ठेवा, वाटी-डबा घरून आणा.