मधुमेहींचे ऑनलाइन समुदाय: चळवळीमागचा इतिहास

मधुमेहावरचा उपचार दवाखान्यात सुरू होत असला, तरी तो चालतो घरीच. डॉक्टरांची भेट वर्षातून मोजक्या वेळा होते. उरलेल्या काळात किती खायचे, इन्सुलिनचे किती युनिट घ्यायचे, व्यायामाआधी मात्रा कमी करायची का, मध्यरात्री साखर एकाएकी उतरली तर काय करायचे, हे सारे निर्णय रुग्णाला किंवा त्याच्या आईवडिलांना घ्यावे लागतात. त्यामुळे मधुमेहींनी एकत्र येण्याची आणि एकमेकांकडून शिकण्याची परंपरा इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जे. जे. आर. मॅक्लाउड आणि जेम्स कॉलिप यांच्या प्रयत्नांतून १९२१-२२ मध्ये इन्सुलिन हाती आले आणि शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही असा टाइप १ मधुमेह झालेल्या मुलांना जगण्याची संधी मिळाली. पेटंटधारक संशोधकांनी आपले हक्क टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. पुढे शंभर वर्षांनी इन्सुलिनच्या किमतीवरून जे रणकंदन माजले, त्यात या एका डॉलरची आठवण वारंवार काढली गेली. मात्र औषध सापडणे आणि ते गरजूच्या हाती पडणे यांतले अंतर तेव्हाही होतेच. पोर्तुगालमध्ये डॉ. अर्नेस्टो रोमा यांनी १९२६ मध्ये गरीब मधुमेहींना इन्सुलिन मोफत मिळावे यासाठी संस्था स्थापन केली, आणि ती जगातील सर्वांत जुनी मधुमेह संघटना मानली जाते. ब्रिटनमधील संघटना १९३४ सालची. तिचे दोन्ही संस्थापक स्वतः मधुमेही होते: एक डॉ. आर. डी. लॉरेन्स, ज्यांचे प्राण इन्सुलिनने वाचवले होते, आणि दुसरे प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स. डॉक्टर आणि रुग्ण एकाच संस्थेचे सभासद असावेत ही कल्पना त्या काळी नवी होती. अमेरिकेतील १९४० ची संघटना मात्र डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी काढलेली होती. तेथे मधुमेही मुलांच्या पालकांनी १९७० मध्ये संशोधनाला निधी मिळवून देण्यासाठी आपली वेगळी संस्था उभी केली.

या संघटनांनी मोलाचे काम केले, पण त्यांच्या काळात एक मोठी उणीव होती. रुग्णाकडे स्वतःबद्दलची माहितीच नव्हती. लघवीतील साखर तपासता येई, पण ती काही तासांपूर्वीची स्थिती सांगे, आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली असेल तर काहीच सांगत नसे. रक्तातील साखर मोजणारे पहिले छोटेखानी यंत्र १९७० च्या सुमारास आले, तेही डॉक्टरांना विकण्यासाठी. रिचर्ड बर्नस्टीन हे टाइप १ मधुमेह असलेले अमेरिकी अभियंते. त्यांनी १९६९ मध्ये ६५० डॉलरचे हे यंत्र डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावावर मागवले, दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासले आणि आकड्यांच्या आधारे इन्सुलिन व आहार यांची सांगड घालत प्रकृती सावरली. त्यांचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांनी स्वीकारले नाहीत, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि ते डॉक्टर झाले. त्यांच्या आहारविषयक मतांवर आजही वाद आहेत, पण घरच्या घरी रक्त तपासण्याचा आग्रह एका रुग्णाने धरला आणि वैद्यकशास्त्राने तो मागाहून मान्य केला, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे तो पुन्हा पुन्हा दिसतो.

घरगुती तपासणीचे महत्त्व निर्विवाद ठरवणारा अभ्यास १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडात झाला. टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरील या चाचणीत साखर काटेकोरपणे नियंत्रित ठेवलेल्या गटात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी आणि मज्जातंतूंच्या विकाराचा ६० टक्क्यांनी कमी आढळला. त्याच गटात साखर अतिशय उतरण्याचे गंभीर प्रसंग मात्र सुमारे तिपटीने वाढले. या दुहेरी निकालाचा अर्थ असा होता, की यापुढे रुग्णाला साखर कमी तर ठेवायची आहे, पण फार कमी होऊ द्यायची नाही, आणि ही कसरत दिवसातून अनेकदा मोजून, हिशेब करून एकट्यानेच पार पाडायची आहे. चाचणीतील रुग्णांच्या दिमतीला प्रशिक्षित पथके होती. बाहेरच्या जगातील बहुतेकांना तशी सोबत नव्हती.

नेमक्या याच सुमारास इंटरनेट घरोघरी पोहोचू लागले. मधुमेही मुलीचे वडील असलेले जेफ हिचकॉक यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत मधुमेही मुलांच्या कुटुंबांसाठी एक संकेतस्थळ सुरू केले. पालकांच्या भेटीगाठींतून पुढे वार्षिक संमेलने सुरू झाली, जेथे इन्सुलिन घेणारे मूल बहुसंख्याकांपैकी एक असे. चर्चागटांत प्रश्न साधेच असत: तापात मात्रा किती वाढवावी, शाळेत इन्सुलिन कोण देणार, पहाटे साखर का चढते. या प्रश्नांची उत्तरे पाठ्यपुस्तकात नव्हती असे नाही. पण ज्याच्यावर कालच तो प्रसंग गुदरला आहे त्याचे उत्तर वेगळ्या प्रतीचे असते.

२००५ च्या आसपास वैयक्तिक अनुभव लिहिणाऱ्या मधुमेहींची एक पिढी पुढे आली. २००७ मध्ये मॅनी हर्नांडेझ यांनी इंग्रजीत आणि पाठोपाठ स्पॅनिशमध्येही मधुमेहींची सामाजिक जाळी उभारली. त्याच वर्षी एमी टेंडरिच या पत्रकार मधुमेहीने ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांना खुले पत्र लिहून विचारले, की गाणी ऐकण्याचे यंत्र इतके देखणे होऊ शकते तर ज्यावर जीव अवलंबून आहे ती उपकरणे इतकी ओबडधोबड का. पत्राला त्या कंपनीकडून मधुमेहाचे यंत्र मिळाले नाही, पण उपकरणांच्या रचनेवर रुग्णाने मत द्यायचे असते ही गोष्ट उद्योगाच्या ध्यानात आली. २००९ मध्ये रोश या कंपनीने मधुमेहावर लिहिणाऱ्यांना बोलावून त्यांच्याशी चर्चा केली. अशा भेटींनी दोन गोष्टी घडल्या: तपासणीच्या पट्ट्यांच्या अचूकतेसारखे गाऱ्हाणे थेट उत्पादकाच्या कानी गेले, आणि कंपन्यांच्या खर्चाने होणाऱ्या प्रवासांमुळे स्वतंत्रपणाचा प्रश्नही उभा राहिला. तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

जनजागृतीचा अधिकृत प्रवाह यांना समांतर वाहत होता. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, १९९१ पासून जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. २० डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याला मान्यता देणारा ठराव केला आणि निळे वर्तुळ हे चिन्ह सर्वत्र दिसू लागले. इमारतींवर निळी रोषणाई करण्याने कुणाची साखर उतरत नाही, हे खरे आहे. त्या मानाने २०१३ पासून ऑनलाइन लिहिणाऱ्या मधुमेहींनी चालवलेली एक छोटी मोहीम अधिक नेमकी वाटते: व्हॅलेंटाइन दिनी बाराऐवजी अकरा गुलाब घ्यावेत आणि वाचलेल्या एका गुलाबाची किंमत गरीब देशांतील मधुमेही मुलांच्या इन्सुलिनसाठी द्यावी.

समुदायांची खरी ताकद मात्र उपकरणांच्या बाबतीत दिसली. साखर सतत मोजणारे सेन्सर आले होते, पण त्यांचे आकडे काही मीटरच्या परिघातल्या छोट्या रिसीव्हरवरच दिसत. न्यूयॉर्क राज्यातील अभियंते जॉन कॉस्टिक यांना ऑफिसात बसून आपल्या लहान मुलाची साखर पाहायची होती, म्हणून २०१३ मध्ये त्यांनी ते आकडे इंटरनेटवर पाठवणारा प्रोग्राम लिहिला. इतर पालक-अभियंत्यांनी त्यात भर घातली, आणि ‘नाइटस्काउट’ या नावाने तो सर्वांना फुकट उपलब्ध झाला. ‘आम्ही वाट पाहत बसणार नाही’ अशा आशयाचा हॅशटॅग त्याच वर्षी रूढ झाला. झोपेत अलार्म ऐकू न येण्याच्या भीतीने डेना लुइस यांनी कॉस्टिक यांच्याकडून तो प्रोग्राम घेतला, आवाज मोठा केला, मग साखरेचा अंदाज बांधणारे गणित जोडले, आणि स्कॉट लिब्रँड व बेन वेस्ट यांच्यासह सेन्सरच्या आकड्यांवरून शरीरात इन्सुलिन सोडणाऱ्या पंपाची मात्रा आपोआप बदलणारी प्रणाली तयार केली. २०१५ मध्ये तिचा आराखडा सर्वांसाठी खुला करण्यात आला. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकी नियामक संस्थेने आकडे दूरवर दाखवणाऱ्या उपकरणांवरचे नियम सैल केले. २०१९ मध्ये त्याच संस्थेने परवाना नसलेल्या घरगुती जोडण्यांमुळे एका रुग्णात इन्सुलिनची मात्रा अतिरिक्त झाल्याचे सांगून धोक्याचा इशारा दिला, आणि तो अनाठायी नव्हता. तरीही न्यूझीलंडमध्ये ९७ जणांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत या खुल्या प्रणालीच्या गटाची साखर योग्य पल्ल्यात राहण्याचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा १४ टक्केबिंदूंनी अधिक आढळले. जानेवारी २०२३ मध्ये याच परंपरेतून निघालेल्या ‘टाइडपूल लूप’ या मात्रा आपोआप ठरवणाऱ्या प्रणालीला अमेरिकेत अधिकृत परवानगी मिळाली.

किमतीचा लढा अधिक कडवट होता. एका प्रचलित इन्सुलिनची कुपी १९९६ मध्ये अमेरिकेत सुमारे २१ डॉलरला बाजारात आली. वीस-बावीस वर्षांत तिची छापील किंमत २७५ डॉलरच्या आसपास पोहोचली. विमा संपल्यामुळे इन्सुलिन पुरवून पुरवून वापरणाऱ्यांचे मृत्यू नोंदले गेले. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये स्थापन झालेल्या टी-१-इंटरनॅशनल या संस्थेने सर्वांना इन्सुलिन ही मागणी हॅशटॅगच्या रूपाने जगभर नेली. जून २०१९ मध्ये अमेरिकी मधुमेहींचा जथा सीमा ओलांडून कॅनडातील लंडन या शहरी स्वस्त इन्सुलिन घेण्यासाठी गेला. बँटिंग यांना १९२० मध्ये संशोधनाची कल्पना सुचली ते घर याच शहरात आहे. मिनेसोटा राज्याने २०२० मध्ये केलेल्या कायद्याला तर इन्सुलिन पुरवून पुरवून वापरताना दगावलेल्या २६ वर्षांच्या तरुणाचे नाव आहे. जानेवारी २०२३ पासून मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या अमेरिकी सरकारी विमा योजनेच्या लाभार्थींसाठी इन्सुलिनचा महिन्याचा खर्च ३५ डॉलरवर मर्यादित झाला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये तिन्ही प्रमुख उत्पादकांनी काही इन्सुलिनांच्या किमती ७० टक्क्यांपर्यंत वा त्याहून अधिक उतरवण्याची घोषणा केली. हे श्रेय एकट्या ऑनलाइन कार्यकर्त्यांचे नाही. संसदीय चौकशा, न्यायालयीन खटले आणि बाजारातील बदल यांचाही त्यात वाटा आहे. पण प्रश्न तांत्रिक समित्यांतून उठून चव्हाट्यावर आला तो त्यांच्यामुळे.

या सगळ्या यशोगाथेत एक मोठी पोकळी आहे. २०२४ च्या अंदाजानुसार जगात २० ते ७९ या वयोगटात ५८.९ कोटी मधुमेही आहेत, आणि एकूण मधुमेहींपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना टाइप २, म्हणजे शरीराला इन्सुलिनचा पुरेसा उपयोग करून घेता येत नाही असा मधुमेह आहे. तरीही वर उल्लेखिलेली जवळजवळ प्रत्येक मोहीम टाइप १ च्या रुग्णांनी वा त्यांच्या पालकांनी, बहुधा इंग्रजीत आणि श्रीमंत देशांत चालवली. इन्सुलिन न घेणाऱ्यांना तपासणीच्या पट्ट्या मिळण्यातच अनेक आरोग्यव्यवस्थांत अडचणी येतात, त्यामुळे देवाणघेवाणीसाठी लागणारे आकडेही त्यांच्या हाती कमी असतात. ‘स्वतःच्या चुकीने झाला’ हा शिक्का तर टाइप २ वरच सर्वाधिक गडद बसतो, आणि ज्याला दोष दिला जातो तो बोलायला पुढे येत नाही. शांत बसलेल्या या बहुसंख्येला मग आजार मुळापासून बरा करण्याची हमी देणारे विक्रेते गाठतात, आणि समाजमाध्यमांवर त्यांचा आवाज अनुभवी रुग्णांपेक्षा मोठा असतो. २०२४ मध्ये तज्ज्ञ आणि मधुमेही यांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या आंतरराष्ट्रीय सहमती-निवेदनानुसार मधुमेह असलेल्या दर पाच प्रौढांपैकी चौघांना अवहेलनेचा अनुभव येतो आणि एकाला शिक्षण, नोकरी किंवा उपचारात उघड भेदभाव सोसावा लागतो. त्या निवेदनासोबत संस्थांनी आणि व्यक्तींनी स्वीकारायची प्रतिज्ञाही ऑनलाइन खुली ठेवण्यात आली आहे.