एका पुठ्ठ्याच्या तीन नकला

सोलापूरला समुद्र नाही. तरी इथल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याची अँफिऑक्सस या समुद्री प्राण्याशी गाठ पडतेच, ती प्रयोगशाळेतल्या बाटलीत. पाचेक सेंटिमीटरची, दोन्हीकडे निमुळती, मळकट पांढरी पट्टी. आम्ही तिची आकृती काढली, भागांना नावं दिली आणि परीक्षेनंतर विसरून गेलो. कणा नाही, जबडा नाही, धड डोकंही नाही. पाठीतून जाते ती फक्त एक लवचीक दांडी, पृष्ठरज्जू.

आईच्या पोटात आपल्यालाही ही दांडी असते. तिच्यातून हेजहॉग नावाचं प्रथिन पाझरतं आणि वरच्या चेतानळीतल्या, म्हणजे पुढे जिचा मेंदू आणि मज्जारज्जू होतो त्या नळीतल्या, पेशींना कामं वाटून देतं. जवळच्या पेशीला जास्त पोचतं, लांबच्या पेशीला कमी. त्यावरून कोणी कसली चेतापेशी व्हायचं ते ठरतं. नाव विचित्र आहे खरं. 1980 साली न्युसलाइन-फोलहार्ड आणि विशाऊस या शास्त्रज्ञांनी फळमाशीत या प्रथिनाचं जनुक शोधलं. ते बिघडलं की अळी काटेरी दिसते, म्हणून हेजहॉग, म्हणजे अंगभर काटे असलेला एक छोटा प्राणी.

अँफिऑक्ससकडे हे जनुक एकच आहे. आपल्याकडे तीन: सॉनिक, इंडियन आणि डेझर्ट. (सॉनिक हे चक्क व्हिडिओ गेममधलं पात्र!)

एकाचे तीन कसे झाले? सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमागवाल्याला विचारा. जेकार्ड मागावर चादरीची नक्षी उठते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांमुळे. माग चालू असताना त्याच पुठ्ठ्यात नवी भोकं पाडून बघायची हिंमत कोण करेल? सगळा माल वाया जायचा. पण पुठ्ठ्याची नक्कल हाताशी असेल, तर तिच्यावर काहीही करून बघता येतं. जपानी-अमेरिकी शास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी 1970 मध्ये जनुकांबद्दल नेमकं हेच मांडलं. फरक इतकाच, की इथे नक्षीकार कोणी नाही; नकलेत चुका आपोआप होतात, त्यातल्या चालणाऱ्या टिकतात.

2008 मध्ये अँफिऑक्ससचा जनुकसंच वाचून झाला आणि आपल्याशी ताडून पाहिल्यावर दिसलं, की कणाधारींच्या पूर्वजांत अख्ख्या संचाचीच दोनदा नक्कल झाली होती. एकाचे चार. हेजहॉगच्या चारांतलं एक पुढे गळालं. उरलेल्यांपैकी इंडियन हाडांच्या वाढीत गुंतलं, डेझर्ट वृषणात आणि चेतांच्या वेष्टनात. सॉनिकने जुनं काम सोडलं नाही, वर नवी कामंही अंगावर घेतली. हाताच्या कोंबात ते करंगळीच्या बाजूने पाझरतं, आणि अंगठा कुठे, करंगळी कुठे, हे त्यावरून ठरतं.

बाटलीतल्या त्या पट्टीला तर हातच नाहीत.