घरगुती ध्वनिरोधन (खान्देश)

बाहेरचा आवाज खोलीत येऊ नये, किंवा खोलीतला शेजाऱ्याकडे जाऊ नये, म्हणून भिंत, छत, दार-खिडकी यांवर केलेल्या उपायांना ध्वनिरोधन म्हणतात. बोलण्यात ‘रूम साउंडप्रूफ केली’ एवढेच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ही खटपट करतात ते स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, घरच्या घरी अहिराणी गाणी रेकॉर्ड करणारे, आणि भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात रुळांलगत राहणारे.

सुरुवातीलाच एक घोटाळा होतो. आवाज अडवणे वेगळे आणि शोषणे वेगळे. भिंतीवर गोधड्या टांगल्या की खोलीतला घुमारा जातो, माइकमध्ये गळा स्वच्छ येतो. पण मालगाडी होती तशीच ऐकू येते. फोमच्या चौकटींचेही तेच. अंड्यांचे ट्रे चिकटवणे तर निव्वळ वाया: अडवायला त्यांना वजन नाही, शोषायला जाडी नाही, आणि पेटले तर आवरत नाहीत.

अडवते ते वजन. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम ४ किलो भरतो, ९ इंची विटेची भिंत ४०० किलोंच्या वर जाते. जुन्या धाब्याच्या घराची दीड फुटी मातीची भिंत ७०० किलोंच्या आसपास, आणि डोक्यावर लाकडी सरांवर अंथरलेला मातीचा थर. ती घरे उन्हासाठी बांधली होती; शांतता फुकटात मिळाली. ती पाडून वर पत्रे टाकले, की पहिल्याच वळवाच्या पावसात घरात एकमेकांशी ओरडून बोलावे लागते. मात्र वजन वाढवण्याला मर्यादा आहे: ते दुप्पट केले तरी ५-६ डेसिबलच (डेसिबल हे आवाजाचे माप) कमी होतात, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणून जाणकार नुसती जाडी वाढवत नाहीत. मूळ भिंतीपासून सुटी चौकट उभी करून, मधल्या पोकळीत ग्लासवूल किंवा रॉकवूल (काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंची लोकर) भरून, वर जिप्सम बोर्डाचे दोन थर लावतात. चौकट जुन्या भिंतीला जिथे टेकेल तिथून आवाज पलीकडे जातो. ग्लासवूल हाताळताना हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच.

पण बहुतेक घरांत भिंत दोषी नसतेच, फट असते. ९० सेंटिमीटर रुंद, २ मीटर उंच दाराखाली १ सेंटिमीटर फट म्हणजे क्षेत्रफळाच्या अर्धा टक्का. तेवढ्यानेच दार कितीही जाड असले तरी एकूण रोध २३ डेसिबलच्या पुढे जात नाही. पूर्वी ही जागा उंबरठा बुजवायचा. फरशी सलग दिसावी म्हणून आतल्या खोल्यांचे उंबरठे गेले आणि दाराखालून उजेड, धूळ, आवाज सगळेच येऊ लागले. घरी करायचे पहिले काम म्हणून हेच: रात्री खोलीत अंधार करून दुसऱ्याला बाहेरून चौकटीभोवती बॅटरी फिरवायला सांगावे. उजेड दिसेल तिथे रबरी पट्टी किंवा सिलिकॉन. पोकळ दाराच्या जागी भरीव फ्लश डोअर बसवले तर बिजागऱ्याही दणकट लागतात. एकाच भिंतीत पाठीला पाठ लावून बसवलेले दोन खोल्यांचे लाइटचे बोर्ड आणि एसीच्या नळीचे भोक हमखास विसरतात. स्लायडिंग खिडकीच्या झडपांमध्ये नुसता लवेचा ब्रश असतो; आतल्या बाजूने चार बोटे अंतर सोडून घट्ट मिटणारी दुसरी खिडकी बसवणे बरे.

हळदीच्या डीजेपुढे मात्र हे सारे तोकडे पडते. ५० हर्ट्झच्या दणक्याची तरंगलांबी जवळपास ७ मीटर. तो जमीन आणि स्लॅबसकट घर हलवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती वरातीत कोणी मोजत बसत नाही.

खान्देशात खरी अडचण उन्हाळ्याची. पारा ४५ अंशांकडे चढतो, हवा कोरडी, त्यामुळे कूलर उत्तम चालतो. पण त्याला खिडकी उघडी लागते, आणि आत आलेली हवा बाहेर जायला दुसरी वाटही लागते. नाहीतर खोली दमट होते. म्हणजे फटी बुजवून मिळवलेले होळीनंतर घालवायचे. यावर उपाय प्लायच्या नागमोडी डब्याचा. कूलर बाहेर ठेवायचा, हवा दोन वळणे घेत आत आणायची, डब्याला आतून कापडात गुंडाळलेले ग्लासवूल लावायचे. वाट कूलरच्या तोंडापेक्षा अरुंद ठेवली तर झोत मरतो. बाहेर जाणाऱ्या हवेलाही तसाच डबा. घरात जुना कापूस पडलेला असतो म्हणून तो भरण्याचा मोह होतो; मोटारीजवळ तो नको. कूलरच्या पंख्याची घरघरही या डब्यात बरीच मुरते. तरीही रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद करावाच लागतो, म्हणून मे महिन्यात गाणे पहाटेच उरकलेले बरे.