ट्रस्टचा हिशेब कोणी मागायचा?

महाराष्ट्रातल्या धर्मादाय संस्थेची फाइल उघडली की बहुतेक वेळा नोंदणीची दोन प्रमाणपत्रे सापडतात. एक १८६० च्या सोसायटीज रजिस्ट्रेशन ऍक्टखालचे, दुसरे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालचे. दोन्ही देणारे कार्यालय एकच, धर्मादाय आयुक्तांच्या हाताखालचे. परराज्यातल्या कार्यकर्त्याला हे समजावताना नाकी नऊ येतात. ही दुहेरी नोंदणी कंटाळवाणी असली तरी उगाच आलेली नाही. या दोन कायद्यांमधली नव्वद वर्षे एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. लोकांच्या नावाने जमलेल्या पैशाचा हिशेब मागायचा अधिकार कोणाला?

१८६० चा कायदा या बाबतीत अगदीच मवाळ होता. वाचनालये, विद्वत्सभा, धर्मादाय मंडळे यांना कायदेशीर अस्तित्व मिळावे एवढाच त्याचा हेतू. किमान सात माणसे जमवा, उद्देश लिहून द्या, कार्यकारी मंडळाची यादी वर्षातून एकदा निबंधकाकडे पाठवा, झाले. मूळ कायद्यात लेखापरीक्षणाचा शब्दही नाही. एक तरतूद मात्र फार चांगली होती आणि ती आज कोणाच्या लक्षातही नसते. एक रुपया फी भरून कोणीही त्या संस्थेने दाखल केलेले कागद पाहू शकत असे.

देवस्थानांचे गाडे वेगळ्याच दिशेने चालले होते. मद्रास इलाख्यात १८१७ च्या रेग्युलेशनने देवळांच्या उत्पन्नावर सरकारची देखरेख आली. ख्रिस्ती सरकारने हिंदू देवळे का सांभाळावीत, असा ओरडा मिशनऱ्यांनी केला आणि अखेर १८६३ च्या कायद्याने सरकारने अंग काढून घेतले. तो कायदा प्रामुख्याने बंगाल आणि मद्रास इलाख्यांसाठी होता.

पुण्यात याच सुमारास जे घडले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण वाटते. पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार पंचांकडे होता आणि त्या कारभाराबद्दल लोकांत नाराजी होती. पंचांची बाजू अशी की आम्ही सरकारने नेमलेले, लोकांना उत्तर देण्याचा प्रश्नच नाही. मग लोकांच्या वतीने विचारणारे कोणीतरी हवे, आणि ‘तुम्ही कोण विचारणार’ याला उत्तर हवे. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, तिच्यामागे होते. सभेचा प्रतिनिधी होण्यासाठी किमान पन्नास जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. पंचाण्णव प्रतिनिधींनी मिळून सुमारे सहा हजार लोकांचे मुखत्यारपत्र गोळा केले होते. सभा पुढे राजकारणात गेली म्हणून आपण तिला ओळखतो. तिचे मूळ मात्र एका देवस्थानच्या कारभारावरच्या तक्रारीत आहे.

कायद्याने ही वाट चोखाळली नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत आधी कलम ५३९ आणि १९०८ पासून कलम ९२ आले. त्यात विश्वस्तांवर दावा लावायचा तर हितसंबंध असलेली किमान दोन माणसे हवीत आणि वर ऍडव्होकेट जनरलची, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलाची, संमती हवी. तालुक्याच्या गावच्या माणसाने ती कुठून आणायची? १९२० च्या कायद्याने थोडी सोय केली. हितसंबंध असलेल्या एकट्या माणसालाही कोर्टात अर्ज करून ट्रस्टचा तपशील आणि हिशेब मागता येऊ लागला. (१८८२ चा इंडियन ट्रस्ट्स ऍक्ट नाव ऐकून इथे लागू असेल असे वाटते. तो खासगी ट्रस्टसाठी आहे, धर्मादाय ट्रस्ट त्यातून वगळलेले आहेत.)

मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये सार्वजनिक ट्रस्टच्या नोंदणीचा कायदा झाला, १९३६ मध्ये पारशी ट्रस्टसाठी वेगळा. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९५० मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आला. सर्व धर्मांच्या आणि निधर्मी ट्रस्टना एकच कायदा, आणि त्यावर धर्मादाय आयुक्त. ऍडव्होकेट जनरलच्या संमतीची जागा आता आयुक्तांच्या संमतीने घेतली. धर्मादाय हेतूने नोंदलेली सोसायटीही ‘सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था’ धरली गेली. दोन प्रमाणपत्रांचे कोडे इथे सुटते.

कायद्याला लगेच आव्हान मिळाले. रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धार्मिक ट्रस्टचे विश्वस्तपद आयुक्तांकडे देता येणार नाही असे ठरवले, पण नोंदणी, हिशेब आणि ट्रस्टकडून घेतली जाणारी वर्गणी कायम ठेवली. वर्गणी हा कर नसून सेवेची फी आहे, असे न्यायालय म्हणाले. ही वर्गणी पुढे एकूण उत्पन्नाच्या २ टक्के या दराने घेतली जात असे. तिच्यावर विश्वस्तांनी जेवढा राग काढला, तेवढा कायद्याच्या इतर कुठल्याच कलमावर काढला नसेल.

ऑडिटरने भरायचा नमुना पाहिला की कायदा करणाऱ्यांना कशाची धास्ती होती ते कळते. तपासणीच्या दिवशी विश्वस्ताकडची रोकड आणि व्हाउचर हिशेबाशी जुळली का? स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही आहे का? ५,००० रुपयांहून जास्त खर्चाच्या दुरुस्ती-बांधकामासाठी निविदा मागवल्या का? पैसा उद्देशाबाहेर गेला का? एकेका प्रश्नामागे कुठलीतरी जुनी लबाडी उभी दिसते. कलम ३६ चेही तेच. ट्रस्टची जमीन विकायची, अदलाबदल करायची, शेतजमीन १० वर्षांहून किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्तांना हे कलम जाचक वाटते. माझ्या मते शहरांतल्या कितीतरी संस्थांच्या जागा याच एका कलमामुळे शाबूत राहिल्या.

पुढे कायद्यात भर पडत गेली. १९८५ मध्ये आलेल्या कलम ४१ कक मुळे धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे आले. त्याची अंमलबजावणी मात्र २००६ मध्ये उच्च न्यायालयाने योजना आखून दिल्यावर खऱ्या अर्थाने सुरू झाली. २०१२ मध्ये नावातले ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले. दिल्लीचा धाक वेगळाच. आयकर सवलत हवी तर उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्देशावर लावा, विश्वस्तांच्या नातलगांना लाभ देऊ नका. परदेशी देणगी घेता तर २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवा.

एवढे सगळे होऊनही चॅरिटी ऑफिसातल्या तारखांना जी गर्दी दिसते त्यात हिशेब मागणारे थोडे आणि खुर्चीवर हक्क सांगणारेच जास्त. संस्थेत दोन गट पडतात, दोघे आपापली निवडणूक घेतात, दोघे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज, दाखल करतात. जिथे भांडण नाही तिथे आळस असतो. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत कळवायचे, ते राहून जाते आणि परिशिष्ट १ वर, म्हणजे आयुक्त कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर, वारलेल्या संस्थापकांचीच नावे वर्षानुवर्षे राहतात. बँक खात्यावरच्या सह्या बदलायच्या वेळी किंवा कलम ३६ च्या परवानगीला गेल्यावर प्रकरण उघडे पडते, कारण अर्ज करणाराच रेकॉर्डवर विश्वस्त नसतो. मग राहिलेले चेंज रिपोर्ट निवडणुकांच्या क्रमाने एकेक करून भरायचे, सोबत विलंबमाफीचे अर्ज, जुनी इतिवृत्ते आणि हयात असतील त्यांची प्रतिज्ञापत्रे.