चेक इंजिनचा कोड म्हणजे बिघडलेल्या भागाचे नाव नव्हे

जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागला की स्कॅनर जोडावा, कोडमध्ये ज्या सेन्सरचा उल्लेख असेल तो बदलावा आणि काम संपले, असा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झालेली ओबीडी-२ ही गाडीतील बिघाड टिपणारी संगणकीय प्रणाली कोणते मोजमाप अपेक्षित मर्यादेबाहेर गेले एवढेच नोंदवते, त्यामागचे कारण शोधायचे काम माणसाकडेच राहते.

पी०१७१ हा कोड घ्या. इंजिनाच्या पहिल्या बाजूच्या मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे, इतकाच त्याचा अर्थ. ही माहिती ऑक्सिजन सेन्सरकडून येते म्हणून अनेकदा तोच बदलला जातो, म्हणजे खरे सांगणारा भागच फेकला जातो. प्रत्यक्षात तडकलेली व्हॅक्यूमची रबरी नळी, इनटेकचे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गाचे, कडक झालेले गॅस्केट, आत येणारी हवा मोजणारा पण मळलेला एअरफ्लो सेन्सर किंवा कमी पडणारा इंधनदाब या गोष्टी आधी तपासायला हव्यात. येथे फ्युएल ट्रिमचे, म्हणजे गाडीचा संगणक इंधन किती वाढवतो वा घटवतो आहे याचे, आकडे फार उपयोगी पडतात: इंजिन मंद चालत असताना ते खूप वाढलेले असून वेग वाढवल्यावर खाली येत असतील, तर व्हॅक्यूम गळतीचा, म्हणजे फटीतून जादा हवा आत शिरत असल्याचा, संशय बळावतो.

बॅटरीची तार काढून दिवा घालवणे हा उपाय मुळीच नाही, कारण त्याने बिघाडाच्या क्षणाची फ्रीझ फ्रेममधील नोंदही सहसा पुसली जाते. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी दामटू नये. ती सहसा मिसफायरची, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याची, खूण असते; त्यामुळे न जळलेले इंधन धुरातील हानिकारक वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोहोचते आणि तो अतितापून निकामी होऊ शकतो.