फ्रान्सला जाणाऱ्या डब्यावर ‘फ्लेमेबल’ की ‘इन्फ्लेमेबल’?

थिनर, अ‍ॅसिटोन, स्पिरिटचे रूम फ्रेशनर असा माल फ्रान्सला पाठवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी ही माहिती.

इंग्रजीत ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारे. यातला ‘इन’ नकाराचा नाही. पेटवणे या अर्थाच्या लॅटिन ‘इन्फ्लामारे’तून तो आला आहे. पण वाचणाऱ्याला तो नकार वाटला, तर पेटणारा डबा शेगडीशेजारी ठेवला जाऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला. आज इंग्रजी लेबलांवर हाच शब्द असतो आणि आम्हीही तोच छापतो.

फ्रेंचमध्ये मात्र हा शब्द चालत नाही. तिथे पेटणारे ते ‘अँफ्लामाब्ल’, स्पेलिंग इंग्रजी ‘इन्फ्लेमेबल’चेच. न पेटणारे ते ‘इनँफ्लामाब्ल’, म्हणजे त्याच स्पेलिंगच्या आधी आणखी एकदा आय-एन. प्रूफ वाचताना ही दोन अक्षरे चुकून दोनदा पडली असे समजून कुणी काढली, की अर्थ साफ उलटा होतो. फ्रेंच मजकुरातले एकही अक्षर आम्हाला विचारल्याशिवाय बदलू नका, ही कळकळीची विनंती.

युरोपीय संघाच्या १२७२/२००८ या नियमानुसार लेबल विक्रीच्या देशाच्या भाषेत लागते आणि धोक्याची वाक्ये ठरवून दिलेली आहेत. त्यामुळे मोबाइलवरचे भाषांतर इथे उपयोगाचे नाही. अ‍ॅसिटोनला एच २२५ (ठरवून दिलेल्या वाक्याचा कोड) लागतो: ‘लिकिद ए व्हापर त्रेझ अँफ्लामाब्ल’, आणि ठळक इशारा ‘दांजे’. ब्युटिल अ‍ॅसिटेटला एच २२६; त्यात ‘त्रे’, म्हणजे ‘अत्यंत’, नाही. तिथे इंग्रजी ‘वॉर्निंग’च्या जागी ‘आतांसियों’ येते, शब्दकोशातले ‘आव्हेर्तिस्मां’ नव्हे.

कोणता कोड लागेल हे फ्लॅश पॉइंटवरून, म्हणजे ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेते त्यावरून, ठरते. २३ ते ६० अंश सेल्सिअस असेल तर एच २२६. २३ च्या खाली असेल आणि द्रव ३५ अंशांच्या वर उकळत असेल तर एच २२५. ३५ किंवा त्याखालीच उकळत असेल तर एच २२४. मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट अंदाजाने सांगू नका, तपासून घ्या.

तीन लिटरपर्यंतच्या डब्याला लेबल शक्यतो किमान ५२ × ७४ मिलिमीटरचे हवे.

ऑर्डरसोबत सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाच्या धोक्यांची माहितीपत्रिका, पाठवा. तिच्या भाग २ मध्ये धोक्याचे वर्गीकरण असते आणि भाग ९ मध्ये फ्लॅश पॉइंट. दोन्ही जुळले की आम्ही रंगीत प्रूफ पाठवतो.